अर्धा कागद, अर्धा संगणक: एकाच रात्री दोनदा दिलेल्या इन्सुलिनचं प्रकरण

कागदी नोंदी चांगल्या की संगणकावरच्या, हा वाद रुग्णालयांत वर्षानुवर्षं चालतो. या प्रकरणातल्या रुग्ण बाईंना अपाय झाला तो मात्र दोन्ही पद्धती एकाच वेळी चालू असताना, आणि एकीकडून दुसरीकडे जाण्याच्या नेमक्या टप्प्यावर. चौकशी समितीत मी होतो. रुग्ण, रुग्णालय आणि कर्मचारी यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

मध्यम आकाराचं रुग्णालय. संगणकीय नोंदींकडे टप्प्याटप्प्याने जायचं ठरलं होतं. कॅज्युअल्टी, प्रयोगशाळा आणि औषध भांडार संगणकावर गेले होते. वॉर्डात अजून केस पेपर आणि कागदी ट्रीटमेंट शीट (कोणतं औषध द्यायचं आणि ते दिलं का, याचा तक्ता) चालायची. वॉर्डातल्या एकुलत्या संगणकावर तपासण्यांचे अहवाल दिसत, पण कॅज्युअल्टीत कोणतं औषध किती वाजता दिलं ते दिसत नसे, कारण वॉर्डच्या लॉगिनला ती परवानगीच नव्हती. ती रोखायचं कुणी ठरवलं नव्हतं. सिस्टीम बसवताना विभागवार परवानग्या वाटल्या गेल्या आणि हा प्रश्न कुणाला पडला नाही, एवढंच.

त्या रात्री काय झालं

सत्तरी ओलांडलेल्या बाई घरात पडल्या आणि मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं. मधुमेह जुना, क्रिएटिनिन थोडं वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडाचं काम थोडं मंदावलेलं. घरी रोज रात्री ग्लार्जिन इन्सुलिन २२ युनिट. हे इन्सुलिन हळूहळू, जवळजवळ दिवसभर काम करतं. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी सकाळी ठरली, म्हणजे रात्री बारानंतर तोंडाने काही द्यायचं नव्हतं.

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी नीट विचार करून डोस कमी केला. उपाशी राहणार आहेत, मूत्रपिंडही अशक्त आहे, म्हणून २२ ऐवजी १८ युनिट. साडेनऊला ऑर्डर संगणकात टाकली. नऊ चाळीसला सिस्टरने इंजेक्शन दिलं आणि दिल्याची नोंदही केली. इथवर सगळं बिनचूक होतं.

पण बेड लवकर मिळेल म्हणून वॉर्डला पाठवायचा सारांश सव्वानऊलाच छापून फाइलला लावला होता. त्यात इन्सुलिनचा उल्लेख नव्हता, कारण तोवर ऑर्डरच दिलेली नव्हती. साडेदहाला बाई वॉर्डात आल्या. फोनवरच्या हँडओव्हरमध्ये कॅज्युअल्टीतून सांगितलं गेलं, "बाकी सगळं सिस्टीममध्ये आहे, बघून घ्या." ज्यांना हे सांगितलं त्यांना सिस्टीममधलं ते पान उघडतच नव्हतं.

वॉर्डातल्या निवासी डॉक्टरांनी नवी ट्रीटमेंट शीट लिहिली. नातेवाइकांनी आणलेल्या जुन्या चिठ्ठीवरून घरची औषधं उतरवली आणि ग्लार्जिनसमोर २२ लिहिलं. नाईटच्या सिस्टरने शीट पाहिली. रात्रीच्या इन्सुलिनचा रकाना रिकामा. तिने शंका घेतली, हे इथे मुद्दाम नोंदवतो. वेदनाशामकामुळे बाई गुंगीत होत्या, म्हणून तिने मुलाला विचारलं, "दादा, यांचं रात्रीचं इन्सुलिन झालं का?"

"मी आत्ताच आलोय सिस्टर. आधी बहीण होती, ती घरी गेली."

तिने छापील सारांश पुन्हा वाचला. त्यात इन्सुलिन नाही. शीटवर ऑर्डर आहे, सही नाही. सव्वाअकराला तिने २२ युनिट दिले. दीड तासात एकूण ४० युनिट, तेही उपाशी असलेल्या रुग्णाला.

पुढची साखर सकाळी सहाला तपासायची होती. पण सिस्टरने संध्याकाळपासूनची परिस्थिती विचारून शीटच्या कडेला बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं: "जेवण नाही, उलटी १, झोप जास्त". कडेची ती ओळ तिला अस्वस्थ करत राहिली. पहाटे दहा मिनिटं कमी चारला तिने स्वतःहून साखर तपासली. ३८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे धोकादायक इतकी कमी. बाई घामाने भिजलेल्या, हाकेला उत्तर नाही.

शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं द्रावण, गेलं आणि काही मिनिटांत त्यांनी डोळे उघडले. ग्लार्जिनचा परिणाम लांबणार, त्यात मूत्रपिंडामुळे तो आणखी रेंगाळणार. म्हणून डेक्स्ट्रोजचं सलाईन आणि दर तासाला साखर तपासणं पुढचा पूर्ण दिवस चाललं. शस्त्रक्रिया पुढे ढकलली. बाई पूर्ण सावरल्या, पण पायाचं दुखणं घेऊन त्यांना जास्तीचे दिवस झोपून काढावे लागले. या वयात खुब्याच्या शस्त्रक्रियेला झालेला उशीर क्षुल्लक नसतो.

पहिला निर्णय: कुटुंबाला काय सांगायचं

सकाळी दोन मतं पुढे आली. एक, साखर कमी झाली होती आणि आता ठीक आहे, एवढंच सांगावं. दुसरं, इन्सुलिन दोनदा गेलं हे स्पष्ट सांगावं. युनिटप्रमुखांनी दुसरं निवडलं आणि राउंडच्या आधी मुलगा आणि मुलगी दोघांना बसवून काय घडलं ते सांगितलं, माफी मागितली आणि चौकशीत जे सापडेल तेही कळवू असा शब्द दिला. मुलगी संतापली, आणि तो संताप रास्त होता. पण कॅज्युअल्टीत आपल्यासमोर इंजेक्शन दिल्याचं तिनेच सांगितलं आणि सव्वानऊच्या प्रिंटचं कोडं सुटायला तिथून सुरुवात झाली. लपवलं असतं तर हा धागा हाती लागलाच नसता.

कारण शोधताना

पहिला सूर ओळखीचा होता: नाईटच्या सिस्टरला मेमो द्या. समितीने तो मान्य केला नाही. तिच्यासमोर दोन कागद होते आणि दोन्ही एकच सांगत होते, इन्सुलिन दिलेलं नाही. मुलालाही काही माहीत नव्हतं. तिच्या जागी दुसरं कुणीही असतं तरी बहुतेक तेच झालं असतं.

आम्हाला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते रिकाम्या रकान्याबद्दल. संपूर्ण कागदी व्यवस्थेत रिकाम्या रकान्याचा अर्थ ठरलेला असतो: दिलं नाही. रुग्णाबरोबर तोच कागद फिरतो, म्हणून हा अर्थ खरा ठरतो. अर्ध्या नोंदी दुसरीकडे गेल्या की त्याच रकान्याला दुसरा अर्थ मिळतो: दिलं असेल, पण इथे लिहिलेलं नाही. हा बदल कागदावर कुठेच दिसत नाही. रकाना तोच, छपाई तीच, वाचणाऱ्याची सवयही तीच.

छापील सारांशाचंही तसंच. हाताने लिहिलेला अर्धवट कागद अर्धवट दिसतो. शाई बदलते, जागा सुटते, सही नसते. संगणकाची प्रिंट मात्र सव्वानऊला काढली तरी अंतिम दस्तऐवजासारखीच दिसते. छपाईची वेळ खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात होती. तिथे कुणी पाहत नाही आणि पाहावं अशी अपेक्षाही रास्त नाही.

तिसरी गोष्ट मला आजही टोचते. डोस २२ वरून १८ करण्यामागचं कारण, म्हणजे या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत मौल्यवान वैद्यकीय विचार, वॉर्डपर्यंत पोहोचलाच नाही. कॅज्युअल्टीतला पहिला डोस दिला गेला नसता आणि वॉर्डाने फक्त स्वतःची शीट पाळली असती, तरी बाईंना मूळचे २२ युनिटच गेले असते. आकडा हरवतो तेव्हा निदान तो हरवल्याचं नंतर कळतं. विचार हरवला तर त्याचा मागमूसही राहत नाही.

समोर असलेले पर्याय

चार पर्याय मांडले गेले आणि त्यांवरची चर्चा बरीच तापली.

पहिला: कॅज्युअल्टीही पुन्हा कागदावर आणायची. हे म्हणणारे ज्येष्ठ फिजिशियन होते आणि त्यांचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नव्हतं. संगणक आला की डॉक्टर पडद्याकडे बघतो, रुग्णाकडे नाही, असा त्यांचा अनुभव. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉक्टरांच्या बाह्यरुग्ण विभागातल्या दिवसाचा सुमारे २७ टक्के वेळ थेट रुग्णासमोर आणि जवळजवळ निम्मा संगणकीय नोंदी व टेबलावरच्या कामात गेल्याचं दिसलं होतं, तेही त्यांनी मांडलं. कडेला लिहिलेल्या ओळीनेच या बाई वाचल्या, हेही त्यांनी दाखवून दिलं. पण कागदाची जुनी दुखणी त्यांनाही नाकारता आली नाहीत. कागद एका वेळी एकाच ठिकाणी असतो. अक्षर लागत नाही. इन्सुलिनच्या आकड्यापुढे 'युनिट'साठी घाईत काढलेला इंग्रजी 'यू' शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात. याच कारणाने अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ साली हे संक्षिप्त रूप वापरायला मनाई केली.

दुसरा: एकाच दिवशी सगळं रुग्णालय संगणकावर न्यायचं. औषध भांडाराचे प्रमुख या बाजूचे होते. १९९८ साली अमेरिकेतले डॉक्टर-संशोधक डेव्हिड बेट्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की डॉक्टरांनी ऑर्डर थेट संगणकात टाकल्यावर, रुग्णापर्यंत पोहोचण्याआधी न अडवलेल्या गंभीर औषधचुका ५५ टक्क्यांनी घटल्या. रुग्णाच्या पट्टीवरचा आणि औषधावरचा बारकोड जुळवून पाहण्यानेही चुका कमी होतात, हे २०१० च्या अभ्यासात दिसलं होतं.

यावर बालरोगतज्ज्ञांनी २००५ चा एक अभ्यास पुढे ठेवला आणि खोलीत थोडा वेळ शांतता पसरली. अमेरिकेतल्या मुलांच्या एका रुग्णालयात ऑर्डरची संगणकीय पद्धत झपाट्याने सुरू केल्यानंतर, बाहेरून हलवून आणलेल्या मुलांमधलं मृत्यूचं प्रमाण २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेलं होतं. पूर्वी रुग्णवाहिका वाटेत असतानाच ऑर्डर लिहून औषधं तयार ठेवता येत. नव्या पद्धतीत मूल प्रत्यक्ष येऊन नोंद होईपर्यंत ऑर्डर टाकता येत नव्हती. तीच प्रणाली वेगळ्या तयारीने बसवणाऱ्या सिएटलच्या मुलांच्या रुग्णालयात मात्र अशी वाढ आढळली नाही. सॉफ्टवेअर एकच असूनही निकाल इतके वेगळे आले. आमच्या निर्णयावर या दोन अभ्यासांच्या जोडीइतका परिणाम दुसऱ्या कशाचाच झाला नाही.

तिसरा: वॉर्डात दोन्हीकडे लिहायचं, कागदावरही आणि संगणकातही. ऐकायला सुरक्षित. मेट्रननी एका वाक्यात तो निकालात काढला: "रात्री एका सिस्टरकडे इतके रुग्ण असताना ती दोनदा लिहिणार नाही, ती एकदा लिहून दुसरं सकाळी भरेल." म्हणजे दोन नोंदी आणि त्यांच्यात रात्रभराचं अंतर. ज्या फटीतून ही चूक घडली तीच फट सगळ्या वॉर्डांत तयार झाली असती.

चौथा: विभाग पाहून टप्पे पाडायचे नाहीत, नोंदीचा प्रकार पाहून पाडायचे. म्हणजे औषधतक्ता सगळ्या वॉर्डांत एकाच वेळी संगणकावर जाईल आणि त्या क्षणापासून कागदी ट्रीटमेंट शीट बंद. डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी मात्र आणखी काही काळ कागदावरच राहतील. अमुक एक गोष्ट कुठे पाहायची, या प्रश्नाचं उत्तर सगळ्या इमारतीत एकच असेल.

चौथा पर्याय निवडला. त्याला किंमत होती: तयारीला जास्त महिने आणि तोवर जुनी फट उघडीच. म्हणून मधल्या काळासाठी वेगळी व्यवस्था लागणार होती.

काय केलं

मधल्या काळासाठी एक नियम घातला. इन्सुलिन, रक्त पातळ करणारी औषधं, मॉर्फिनसारखी वेदनाशामकं आणि शिरेतून दिलं जाणारं पोटॅशियम यांचा शेवटचा डोस, वेळ आणि डोस बदलला असल्यास त्याचं कारण, हे फोनवर मोठ्याने वाचून सांगायचं, ऐकणाऱ्याने परत वाचून दाखवायचं आणि मग वॉर्डाच्या शीटवर लाल शाईने लिहायचं. "सिस्टीममध्ये आहे" हे हँडओव्हरमध्ये उत्तर म्हणून चालणार नाही, असंही ठरलं. त्याच आठवड्यात वॉर्डच्या लॉगिनला कॅज्युअल्टीतल्या औषधांचं पान दिसू लागलं. ही परवानगी द्यायला एक दुपार पुरली. इतक्या सोप्या गोष्टीसाठी एका आजींना बेशुद्ध व्हावं लागलं, याचं वाईट वाटतं.

औषधतक्त्याच्या तयारीत सर्वांत जास्त वेळ सॉफ्टवेअरला लागला नाही. तो लागला सिस्टरांबरोबर राउंडला फिरण्यात. लॅपटॉपची ट्रॉली दोन खाटांच्या मध्ये मावते का, बॅटरी नाईटभर टिकते का, हातमोजे घालून स्कॅनर चालतो का, हे प्रत्यक्ष पाहिलं. दर वेळी लॉगिनला वेळ लागला तर सगळे एकाच नावाने काम करू लागतात आणि मग कुणी काय दिलं हेच कळत नाही. म्हणून ओळखपत्र टेकवून आत जाण्याची सोय केली.

सूचनांच्या खिडक्यांवरही कात्री चालवली. सुरुवातीला दोन औषधांच्या एकमेकांवरच्या प्रत्येक किरकोळ परिणामासाठी खिडकी उघडत होती. अशा वेळी माणूस न वाचता 'ठीक आहे' दाबायला शिकतो. थांबवणाऱ्या सूचना मोजक्याच ठेवल्या. त्यात एक नवी घातली: याच औषधाचा डोस रुग्णालयात कुठेही नुकताच दिला गेला असेल तर दुसरा डोस देण्याआधी ते ठळक दिसेल.

कडेच्या ओळीसाठी मात्र भांडावं लागलं. पुरवठादाराच्या नमुन्यात आहाराच्या जागी फक्त 'पूर्ण, अर्धा, नाही' असे पर्याय होते. सिस्टरांनी आग्रह धरला की औषधतक्त्याच्या शेजारीच मोकळं लिहिता आलं पाहिजे आणि लिहिलेलं पुढच्या शिफ्टला न शोधता दिसलं पाहिजे. तसा रकाना मिळाला. माझ्या मते या सगळ्या बदलांतला हा सर्वांत मोलाचा.

सिस्टीम बंद पडली तर काय, यासाठी प्रत्येक वॉर्डात नेटवर्क गेलं तरी चालणाऱ्या एका संगणकावर औषधतक्त्याची प्रत ठराविक वेळाने उतरत राहते आणि तिथून छापता येते. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरच्या हल्ल्याने ब्रिटनमधल्या अनेक रुग्णालयांचे संगणक ठप्प केले आणि भेटी, शस्त्रक्रिया रद्द झाल्या. ही तयारी ऐच्छिक मानू नये हे त्यानंतर कुणाला पटवावं लागलं नाही. सव्वानऊची चूक पुन्हा होऊ नये म्हणून या प्रिंटवर छपाईची वेळ आता सर्वांत वर, मोठ्या अक्षरात असते आणि खाली ओळ येते: यानंतर दिलेली औषधं यात नाहीत.

परिणाम

औषधतक्ता एकत्र झाल्यानंतर आढावा घेतला तोवर, एका विभागातून दुसऱ्यात जाताना डोस दुप्पट होण्याची घटना पुन्हा नोंदली गेली नव्हती. अक्षर न लागल्यामुळे औषध भांडारातून येणारे फोन जवळजवळ थांबले. डोस बदलण्याचं कारण आता ऑर्डरला चिकटूनच राहतं.

चुकांचे नवे प्रकारही आले. यादीत शेजारी असलेलं सारख्या नावाचं औषध निवडलं जाणं ही त्यांतली एक. दुसरी डॉक्टरांच्या नोंदींत दिसली, जेव्हा एका युनिटने त्या संगणकावर लिहायला सुरुवात केली. कालची नोंद आज चिकटवली जाऊ लागली, आणि काढून टाकलेली लघवीची नळी नोंदींमध्ये पुढचे काही दिवस लागलेलीच राहिली. पानं वाढली, मजकूर पातळ झाला. अमेरिकन डॉक्टर लॉरेन्स वीड यांनी १९६८ साली रुग्णाच्या नोंदी समस्यांच्या यादीभोवती रचाव्यात असं मांडलं, तेव्हा त्यांची तक्रार विस्कळीत कागदांबद्दल होती. तोच विस्कळीतपणा संगणकात जास्त वेगाने तयार होऊ शकतो हे आम्ही पाहिलं आणि नोंदी हलवण्याचा पुढचा टप्पा मुद्दाम लांबवला.

नेटवर्क एका रात्री बंद पडलं तेव्हा प्रिंट कामी आल्या. सिस्टीम परत आल्यावर मधल्या काळातले डोस आत भरायला मात्र सकाळ गेली, आणि तेवढा वेळ पुन्हा दोन ठिकाणी दोन सत्यं होती. आता अशा वेळी सगळे डोस भरून होईपर्यंत कागदालाच खरं मानायचं आणि संगणकाच्या पडद्यावर तसा फलक लावायचा, असं ठरलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठा फेरफार सुरुवातीच्या आराखड्यातच व्हायला हवा होता. कॅज्युअल्टी आधी निवडली गेली कारण तिथले डॉक्टर उत्साही होते आणि जागा आटोपशीर होती. पण रुग्णालयातला सर्वांत जास्त रुग्ण पुढे पाठवणारा विभाग तोच. तिथे वेगळी पद्धत आणली म्हणजे जवळजवळ प्रत्येक दाखल रुग्णाला एक सीमा ओलांडायला लावली. टप्पे ठरवण्याआधी एका रुग्णाचा दारापासून डिस्चार्जपर्यंतचा रस्ता कागदावर काढून, नोंद कुठे कुठे हात बदलते यावर खुणा केल्या असत्या, तर ही जागा तासाभरात दिसली असती.

दुसरं, घरच्या औषधांची यादी. निवासी डॉक्टरांनी जुनी चिठ्ठी जशीच्या तशी उतरवली, कारण घरचं औषध दाखल झाल्यावर चालू, बंद की बदललेलं, हे एका जागी ठरवण्याची जबाबदारी कुणाकडेच नव्हती. आता दिवसा ती रुग्णालयातल्या फार्मासिस्टकडे आहे. रात्री अजून नाही, आणि चूक रात्री झाली होती. इथे जास्त मनुष्यबळ मागितलं आहे.

तिसरं, नातेवाइकांकडून येणारी माहिती. मुलीला डोस माहीत होता, मुलाला नव्हता. सोबतचा माणूस बदलताना सिस्टरला सांगून जावं, ही विनंती आता दाखल करतानाच केली जाते.

ऑपरेशन थिएटरमधला भुलीचा तक्ता अजून कागदावरच आहे. तिथे दिलेली वेदनाशामकं आणि प्रतिजैविकं रिकव्हरीतली सिस्टर हाताने संगणकात भरते, म्हणजे जुन्यासारखीच एक सीमा तिथे शिल्लक आहे. तो तक्ता हलेपर्यंत तिथून निघणाऱ्या प्रत्येक रुग्णासाठी लाल शाईचा आणि परत वाचून दाखवण्याचा नियम चालूच ठेवला आहे. तो पाळला जातो की नाही हे दर आठवड्याला काही केस पेपर उघडून पाहिलं जातं, आणि त्या पाहणीत नाईटचे केस पेपर असलेच पाहिजेत अशी अट आहे.